कोण मोजतंय आपल्याला

"माय वाइफ हॅज गॉन," पद्माकरभावजींनी दारातल्या बाईला सांगितलं.

"गॉन वेअर, लव्ह?" ती विचारते कशी! वर हसत म्हणाली, जनगणनेच्या रविवारी रात्री जिथं मुक्काम असेल, त्या काउंटीत मोजतील तिला.

मी आत त्यांच्यासाठी आणलेलं वरण गरम करत होते. डाव हातातच राहिला. 'अनुराधा गेली' याचं भावजींनी शब्दाला शब्द इंग्रजी केलं होतं, आणि या बयेला वाटलं, गेली असेल मँचेस्टरला बहिणीकडे! तशी वाईट नव्हती ती. जनगणनेचे फॉर्म वाटत कार्डिफच्या त्या वाऱ्यात दारोदार फिरत होती बिचारी. पण मला तेव्हा रागच आला तिचा.

साल एक्क्याण्णव. यंदा पहिल्यांदाच फॉर्मवर 'इंडियन' असा चौकोन येणार होता. अनुराधाला काय कौतुक त्याचं! जन्मभर हॉस्पिटलात बेडपॅन उचलली, आणि वॉर्डात सगळ्यांची ती आपली 'अ‍ॅन'. चिडली की म्हणायची, "रेखा, आपल्याला इथं कोण मोजतंय गं?" चौकोनाचं कळलं तेव्हा मात्र खूश. "आता मोजावंच लागेल मेल्यांना! कुठल्या काउंटीत आपली किती माणसं, सगळं छापून येईल."

आणि जानेवारीत गेली. थोडी थांबली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

शेवटी मीच बाहेर जाऊन बाईला नीट सांगितलं. तिचा चेहरा पडला. भावजींचा हात धरून कितीदा सॉरी म्हणाली.

"सॉरी नको," भावजी मला म्हणाले. "वहिनी, हिला म्हणावं, अनूचं नाव लिहू दे. एकदाच."

मी विचारलं. बाई हळूच म्हणाली, जिवंत माणसंच मोजतात.

"तिचे ड्यूटीचे बूट अजून दारात आहेत म्हणावं. इथंच राहते ती."

"भावजी, असं नाही हो चालत," मी म्हटलं आणि मलाच रडू फुटलं. बूट मीही रोज बघत होते. उचलायचा धीर मलाही झाला नव्हता.

सोमवारी बाई फॉर्म न्यायला आली, तेव्हा मी डबा घेऊन तिथंच होते.

"जस्ट योरसेल्फ, देन?" तिनं अगदी हलक्या आवाजात विचारलं.

भावजी बुटांकडे बघत राहिले. कुणीही विचारलं, तरी 'आम्ही दोघं' म्हणायची सवय.

"येस," ते म्हणाले. "वन."

दार लावलं, आणि कामावरून आल्यावर द्यायचे तशी स्वयंपाकघराकडे बघून हाक दिली, "अगं अनू, मोजलं गं आपल्याला."

मी ओट्याशी उभी होते. त्यांनी मला पाहिलं.

"मला," ते म्हणाले.