अस्सविनचं मौन

अस्सविनने पडद्यावर जितकी माणसं मारली तितकी आख्ख्या नोंग साय तालुक्यात राहत नसतील. पिस्तुलाने मारली, कोयत्याने मारली, एकदा तर भात कांडायच्या मुसळाने तिघांची डोकी फोडली. त्याच्या स्वतःच्या अंगावर कधी ओरखडा उठला नाही. उठेल कसा? निर्मात्याने पैसे त्याच्याच थोबाडावर लावलेले.

थोबाड त्याचं, पण आवाज त्याचा नव्हता. तेव्हाचे सिनेमे मुके यायचे आणि थिएटरातच एकजण माईक धरून सगळे संवाद जागच्या जागी बोलायचा. नोंग सायला हा माणूस म्हणजे प्रयून. हिरो, गुंड, म्हातारा भिक्खू, सगळे त्याच्याच घशातून निघायचे. नायिकेपुरती त्याची बायको लमून शेजारी बसायची. बँकॉकहून आलेल्या संवादांकडे प्रयून ढुंकूनही बघायचा नाही. पडद्यावर ओठ हलले की त्याच्या तोंडून वाक्य निघालंच, आणि तेही गावाच्या मापाचं. मरणारा गुंड शेवटच्या श्वासाला इथल्याच खाटकाची पापं कबूल करून मरायचा, लोक बाकं बडवायचे.

पुढे सिनेमे बोलायला लागले आणि अस्सविनचं पितळ उघडं पडलं. खरा आवाज किरटा, वर चिडला की आणखी चिरका. दोन सिनेमे आपटले. घरी माशा मारत बसायची पाळी आली तेव्हा एका पक्षाने त्याला त्याच्या जन्मगावातून, म्हणजे या नोंग सायमधूनच, निवडणुकीला उभं केलं. समोर कामनान योई, पंचक्रोशीचा मुखिया. नदीतली वाळू त्याची, दारूचे गुत्ते त्याचे, आणि सांगितलेला माणूस उडवून येणारी पोरंही त्याचीच.

पहिली सभा बाजारपटांगणात झाली. अस्सविनने माईकवर "माझ्या भावांनो" म्हटलं आणि पटांगणभर खसखस पिकली. आवाज प्रयूनचा असायचा हे गावाला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि कानाला पटणं वेगळं. "हा तर हिरोचा धाकटा भाऊ दिसतोय!" कोणीतरी ओरडलं. मग योईच्या माणसांनी बाटल्या फेकायला सुरुवात केली. एका कार्यकर्त्याची भुवई फाटून डोळा रक्ताने भरला. पडद्यावर एकट्याने आठजणांना लोळवणारा आमचा वाघ टेबलाखाली जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी तो प्रयूनच्या घरी गेला. प्रयून आता औषधविक्यांच्या गाडीबरोबर फिरायचा, गावोगाव सिनेमा दाखवून मध्येच खोकल्याच्या बाटल्या विकायचा. लमून कच्ची पपई कुटत होती.

"दादा, मला तुझा आवाज पाहिजे," अस्सविन म्हणाला.

"बारा वर्षं फुकट वापरलास, आता विचारतोयस होय रे?" लमून म्हणाली.

प्रयून हसला. युक्तीही त्यानेच काढली. "तू नगरदेवतेला नवस बोललायस म्हणून सांगू. निवडून येईपर्यंत चारचौघांत तोंड उघडायचं नाही. आपली माणसं नवसाला मान देतात. तू नुसता उभा राहा, ओठ हलव. बाकी मी आहे."

"आणि योईच्या माणसांनी बंदुका काढल्या तर? तेव्हा ओठ कोण हलवणार?" लमूनने विचारलं. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

युक्ती चालली. अस्सविन स्टेजवर हात जोडून उभा राही, ओठ हलवी, आणि मागच्या ट्रकमधून तो जुना भरदार आवाज गावावर पडे. बायका डोळे पुसत. योईने उत्तर आपल्या पद्धतीने दिलं. भुवई फुटलेल्या त्याच कार्यकर्त्याला भातगिरणीत नेलं आणि त्याची बोटं लोखंडी दारात धरून दार लावलं. एका चहावाल्याने अस्सविनचं पोस्टर चिकटवलं होतं, त्याचं दुकान भरदुपारी जाळलं. पोलीस आले, जळक्या दुकानासमोर बसून सरबत प्यायले आणि गेले.

मग बाजारपटांगणात ती सभा झाली. लोक रंगात आले होते आणि प्रयूनला हसू ऐकलं की आवरायचं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. "अरे योई," पडद्यावरच्या अस्सविनच्या आवाजात तो गरजला, "थावी मास्तरांनी वाळूची तक्रार केली म्हणून तू त्यांना पाठीत गोळी घातलीस. समोरून का नाही घातलीस रे? छाती नव्हती, की पोट आड येत होतं?"

असा हशा उसळला की स्टेजच्या फळ्या हादरल्या. मास्तरांना कोणी मारलं हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, फक्त मोठ्याने कोणी म्हटलं नव्हतं. अस्सविनने दोन बोटांचं पिस्तूल केलं आणि पटांगणाच्या टोकाला असलेल्या योईच्या माडीकडे रोखलं. इतक्या टाळ्या त्याला बँकॉकातही कधी पडल्या नव्हत्या.

ट्रकमागे प्रयून घामाने चिंब होऊन बसला होता. "चुकलंच माझं. भरात बोलून गेलो. उद्यापासून मास्तरांचं नाव नको."

"नको कसं? तेच पाहिजे!" अस्सविन कुजबुजला. "टाळ्या ऐकल्यास ना? रोज घे."

"मारतील रे बाबा."

"उमेदवाराला मारलं तर बँकॉकहून पेपरवाले धावत येतील. योई एवढा मूर्ख नाही."

उमेदवाराला. स्वतःपुरता हिशोब बरोबर होता त्याचा! त्यात प्रयून कुठे बसतो हे त्याने पाहिलंच नाही, आणि प्रयूननेही भिडेपोटी विचारलं नाही. दोघांनी पुढच्या प्रत्येक गावात थावी मास्तरांचं नाव घेतलं.

सोंगक्रानच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या दिवशी सगळा बाजार ओलाचिंब होता. जो तो दुसऱ्यावर पाणी ओतत होता, गालांना पांढरी माती फासत होता. अस्सविन आणि प्रयून म्हाताऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालत चालले होते. विहाराच्या भिंतीशी एक पिकअप येऊन थांबली. पाण्याच्या पिंपामागून तीन पोरं उतरली. तिघांचे चेहरे मातीने पांढरेफटक, जन्मदात्या आईनेही ओळखू नयेत असे. दोघांनी प्रयूनला भिंतीला दाबलं. गुडघ्याने पोटात मारलं, मग बंदुकीच्या दस्त्याने तोंडावर. त्याचे दात ओल्या मातीत पडले. तिसरा अस्सविनसमोर उभा राहिला आणि त्याने चक्क हात जोडले.

"दादा, तुमचे सगळे पिक्चर बघितलेत मी. कामनानसाहेबांचा एकच सवाल आहे. मास्तरांचं ते बोलायला तुम्ही सांगितलंत, का हा म्हातारा आपल्या मनानं बोलला? तुम्ही सांगितलं असेल तर याला सोडतो, तुमचं काय ते साहेब बघतील. म्हातारा मनानं बोलला असेल, तर मग तुम्ही जरा बाजूला व्हा. तोंड उघडून नवस मोडायला नको, तुम्ही सांगितलं असेल तर नुसती मान हलवा."

एका मानेचं काम होतं. मी सांगितलं, रोज घे म्हणून मीच सांगितलं. अस्सविनला हे कळत होतं, अगदी लख्ख कळत होतं. दहा पावलांवर लोक हसत होते, पोरं बादल्या उपडी करत होती. त्याचे ओठ हलले. एकदा, दोनदा. आवाज निघाला नाही, मान हलली नाही.

प्रयून त्या ओठांकडे बघत होता. बारा वर्षं त्याने हेच केलं होतं, ओठ हलले की रिकामी जागा भरायची. फुटक्या तोंडातून, रक्ताच्या गुळण्यांतून तो बोलला, आणि बोलला तो पडद्यावरच्या अस्सविनच्याच आवाजात:

"मी काही सांगितलं नव्हतं. म्हातारा आपल्या मनानं बोलला."

पोरगा हसला. "काय आवाज काढतो!" म्हणाला, आणि त्याने प्रयूनच्या छातीत दोन गोळ्या घातल्या. तिसरी घशात घातली. तसं सांगून पाठवलं होतं. गर्दी किंचाळत पांगली, पिकअप पाणी सांडत निघून गेली. लोक परतले तेव्हा अस्सविन प्रयूनचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. अस्सविनचं तोंड उघडं होतं आणि त्यातून शब्द फुटत नव्हता.

आठवड्याने विहारात दहन झालं. तालुका लोटला होता. लोक ओळीने येऊन चितेवर चंदनाच्या लाकडाची फुलं ठेवत होते. अस्सविनची पाळी आली तेव्हा लमून वाटेत उभी राहिली.

"पोरं काहीतरी विचारत होती म्हणे. भिंतीपलीकडच्या फुलवालीने सगळं ऐकलंय." तिचा आवाज बारीक होता, पण सगळं आवार ऐकत होतं. "तिने मला सांगितलं. माझ्या नवऱ्याने तुझं वाक्य म्हटलं. आता तुझं तू म्हण. नवस बिवस मला सांगू नकोस, तो माझ्या स्वयंपाकघरात शिजलाय. म्हण, मी सांगितलं होतं. एवढंच."

अस्सविनने तोंड उघडलं. त्याला खरोखर म्हणायचं होतं. पण समोर हजारो माणसं होती, आणि माणसांमागे, विहाराच्या भिंतीपलीकडे, आपल्या माडीच्या सज्जात योई बसला होता.

लमूनने त्याच्या कानफटात मारली. मग दुसऱ्या गालावर मारली. त्याचा ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून पांढऱ्या सदऱ्यावर उतरलं. तो उभाच राहिला.

"बिचारीचं दुःखाने डोकं फिरलंय," मागून कोणीतरी म्हणालं. "आणि त्याचा निर्धार बघा. डोळ्यांदेखत मित्र मेला, आता मार खातोय, तरी नवस मोडत नाही!"

बायांनी लमूनला धरून बाजूला नेलं. एक म्हातारी पुढे आली. तिने अस्सविनच्या मनगटाला आशीर्वादाचा पांढरा दोरा बांधला, हात जोडले आणि म्हणाली, "बाळा, आमच्या घरातली सगळी मतं तुलाच."