अभिषेकाच्या नळ्या

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी बकुळाआत्यांच्या काळाचौकीच्या खोलीत तांब्याच्या चोवीस नळ्या येऊन पडल्या. आणल्या त्यांच्या भाच्याने, वैभवने. त्याचं शिवडीला एका गाळ्यात लहानसं वर्कशॉप होतं. हात-हातभर लांबीच्या नळ्या, प्रत्येकीला एका अंगाने ओळीत बारीक भोकं.

"गावाकडच्या देवळाचं काम आहे आत्ये," वैभव म्हणाला. "पिंडीवर अभिषेकाची धार सारखी पडायला. ड्रिल मारलं की आतून बर राहते बघ. ती हातानेच काढावी लागते, आणि माझ्या पोरांना तेवढा धीर नाही. मजुरी देईन."

"देवाच्या कामाची मजुरी?" आत्यांनी कानांवर हात ठेवले.

बर म्हणजे भोकाच्या आतल्या काठाला उभी राहिलेली तांब्याची धारदार कोर. बाहेरून नळी लोण्यासारखी, आत काटेच काटे. आत्या सकाळी आंघोळ करून, उपास धरून, चहासुद्धा न घेता बसत. लांब काडीला पॉलिश पेपर गुंडाळून आत फिरवायचा, तोंडाने जप चालूच. मग दोऱ्याला कापूस बांधून नळीतून ओढायचा. एक तंतू जरी अडकला, तरी पुन्हा काडी. बोटं चिरली, त्यांवर हळद दाबून त्या पुढे घासत राहिल्या.

त्यांचे यजमान, दौलत, गिरणी बंद पडल्यावर दारूपायी गेले होते. तेराव्याच्या दिवशी आत्यांनी महादेवापुढे शब्द दिला होता, की दारूला हातभार लागेल असं काही या हातांनी होणार नाही. त्यापायी, मांडवात दारू दिसली म्हणून, सख्ख्या पुतणीच्या लग्नातूनही त्या न जेवता उठून आल्या होत्या.

चौथ्या सोमवारी तेवीस झाल्या. चोविसावी हातात होती, तेवढ्यात वैभव आला. आणि त्याच्या मागोमाग, खाली गाडीत थांबायला सांगितलेला नील जिने चढून वर आला. करी रोडच्या टॉवरमध्ये राहणारा, पंचविशीतला मुलगा.

"काकू, हे तुमचं काम? कसलं भारी!" नळी डोळ्याला लावून तो म्हणाला. "मागच्या वेळी आत तांब्याचा चुरा राहिला होता, सगळा बिअरमध्ये उतरला. आम्ही मित्र घरीच बनवतो ना. जव भिजवायचे, त्याचा रस या भोकांतून गाळून घ्यायचा."

"कशात उतरला?" आत्यांनी विचारलं.

नीलने वैभवकडे पाहिलं आणि "मी खाली आहे," म्हणत जिना गाठला.

"जवाचंच पाणी गो ते," वैभव हसला. "आणि तुझ्या महादेवाला भांग चालते की!"

"त्याला मध्ये घेऊ नकोस."

"बरं, खरं सांगितलं असतं तर हात लावला असतास?"

"नाही."

"मग? माझी ऑर्डर गेली असती. दुसऱ्या कोणी केलं असतं का एवढं साफ?"

"नसतंच केलं," आत्या हळूच म्हणाल्या. "म्हणून तर माझा उपास कामाला लावलास."

वैभवने तेवीस नळ्या गोणपाटात बांधल्या आणि चोविसावीला हात घातला. आत्यांनी ती सोडली नाही.

"हिच्यात अजून आहे बर."

"चालतंय गं. एकीने काय होतंय?"

"कोणाच्या तरी मुलाच्या घशात जाईल."

त्यांनी काडी उचलली. तेवीस नळ्या अजाणता झाल्या होत्या, त्याबद्दल महादेवाची क्षमा मागता आली असती. ही त्या जाणूनबुजून घासत होत्या. या वेळी तोंडात जप नव्हता. वैभव दारात मोबाइल बघत उभा राहिला. कापूस स्वच्छ बाहेर आला, तशी त्यांनी नळी त्याच्यापुढे सरकवली.

"पुढच्या महिन्यात चाळीस आहेत," तो म्हणाला. "आता तर तुला माहीतच आहे सगळं. आणि मजुरी घे हां या वेळी."

आणि निघताना, नेहमीसारखा, तो पाया पडायला वाकला. आत्यांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले.