आबांच्या मापाचा दस्ता

मित्रांनो, मी एका जुन्या रायफलचा लाकडी दस्ता आहे आणि माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. दस्ता म्हणजे रायफलचा तो भाग, जो खांद्याला टेकवतात आणि ज्यावर गाल ठेवून नेम धरतात. नेम बरोबर लागला की सगळे नळीचं कौतुक करतात. चुकला की मात्र नजर पहिल्यांदा माझ्याकडे वळते. असं आयुष्य काढल्यावर कोणाचा स्वभाव सरळ राहील?

माझा जन्म साक्रीचा. लोटन मिस्तरींनी चांगलं वाळलेलं शिसव निवडून मला घडवलं ते धुळ्याच्या अमृतआबांसाठी. लांब पल्ल्याच्या स्पर्धेत पालथं पडून नेम धरतात, म्हणून मिस्तरींनी आबांना अंगणात पालथं झोपवूनच माप घेतलं. आबा उंच, हात लांब, मान लांब. त्यामुळे मीही लांब झालो आणि गाल टेकवायची जागा खोल राहिली. आबांनी माझ्या जोरावर पुष्कळ पदकं मिळवली. लोक मला हातात घेऊन शिसवाची तारीफ करायचे. तेव्हाही मला वाटायचं, यांचा काही तरी हेतू असणार.

पुढे आबांची नजर अधू झाली आणि मी कपाटात जाऊन पडलो. तिथे माझा सगळा वेळ वाळवीवर संशय घेण्यात गेला. मग त्यांच्या मुलीने, दिपमालाने, स्वतःचा परवाना काढला आणि रायफल तिच्याकडे आली. ती अंगाने बुटकी, पण नेमाला पक्की. तिने मला बाहेर काढलं, पुसलं, तेल लावलं. मला खरंच आनंद झाला.

पण गेल्या दसऱ्यापासून काही तरी बिघडलं. पहिल्या गोळ्या मधोमध लागायच्या आणि नळी तापली की पुढच्या डावीकडे सरकायच्या. राज्याच्या निवड चाचणीतून दिपमाला रिकाम्या हाताने परत आली. पुढच्या चाचणीतही जमलं नाही तर रायफल विकून टाकायची, असं तिने घरात सांगून टाकलं.

मग काय, घरात जो तो संशयी झाला. दिपमालाला वाटलं, धुळ्याच्या उन्हाने मी वाकलो असेन. आबांनी माझी बाजू घेतली, पण ती लेकीला दुखवून. "लाकूड काय करी? तुना हात हालना व्हई," असं ते म्हणाले आणि दोघांचं बोलणंच थांबलं. दिपमालाची आई कोकिळाबाई या वादात पडल्या नाहीत. त्यांचं निदान वेगळंच होतं.

"मनी पोरले नजर लागनी शे," त्या म्हणायच्या. दसऱ्याला शस्त्रपूजा होतेच. पण आता त्या दर स्पर्धेआधी रायफल पाटावर ठेवून हळद, कुंकू आणि मूठभर अक्षता वाहू लागल्या. नेम जितका चुके, तितक्या अक्षता वाढत. साऱ्या घरात माझ्यावर किंवा लेकीवर संशय न घेणाऱ्या त्या एकट्याच, म्हणून मीही त्यांच्यावर कधी घेतला नाही.

माझा सगळा संशय होता अखिलवर. जळगावच्या व्यापारी घरातला हा मुलगा दिपमालाबरोबर सराव करायचा. त्याने आपला जास्तीचा ॲल्युमिनियमचा दस्ता तिला वापरून बघायला दिला. सगळा स्क्रूंचा कारभार! गालपट्टी वर करा, खाली करा, मागची लांबी वाढवा, कमी करा. ज्याला स्वतःचं एक माप नाही, त्याचा काय भरवसा? आणि फुकट कोण कशाला देईल?

एका रविवारी दिपमालाने नळी त्या नव्या दस्त्यावर बसवायला माझे स्क्रू सोडले. आबा दारात पाठ फिरवून उभे होते. नळी उचलली आणि तिचा हात थांबला. माझ्या खाचेत, अगदी मागच्या बाजूला, कुंकवाने लाल झालेले तांदळाचे दाणे चिकटून बसले होते. नळी आणि माझ्यामध्ये बारीक फट ठेवलेली असते, कारण तापलेली नळी लाकडाला टेकली तर गोळी भलतीकडे जाते. दिपमाला फटीत कागद सरकवून बघायची, पण फक्त टोकाकडून; मागे दाण्यांनी ती फट बुजवली होती.

"माय, हाई देख," ती म्हणाली.

कोकिळाबाईंनी दाणे पाहिले आणि त्या खाली बसून एकेक दाणा नखाने खरवडू लागल्या. लेकीची दृष्ट काढता काढता त्यांनीच तिचा नेम घालवला होता. दिपमाला त्यांच्या शेजारी बसली आणि किती तरी वेळ त्यांचा हात धरून राहिली. मी निर्दोष सुटलो होतो, पण त्या माउलीकडे बघून मला काही आनंद करता येईना.

आबांना मात्र वाटलं, प्रश्न मिटला. दिपमाला तसं मानायला तयार नव्हती. तिने मला स्वच्छ केलं आणि मैदानावर दोन्ही दस्ते वापरून पाहिले. गोळ्या आता माझ्यावरूनही मधोमध लागत होत्या. पण स्पर्धा लांबली की माझ्यावर तिची मान अवघडायची, खांदा ताणायचा. नव्या दस्त्यावर तसं होत नव्हतं. घरी येऊन तिने आबांना समोर बसवलं.

"आबा, हाऊ दस्ता तुमना मापना शे. मी इतला वरीस तुमना मापमा पडीसन नेम धरस."

आबांनी उठून लोटन मिस्तरींना फोन लावला.

मिस्तरी आले ते करवत घेऊन. मित्रांनो, आता आपलं सरपण होणार, अशी माझी खात्रीच पटली. पण या वेळी अंगणात पालथी झोपली ती दिपमाला. मिस्तरींनी माझ्या मागच्या टोकावर पेन्सिलीने रेघ मारली, गालाखाली बसवायला शिसवाची नवी पट्टी काढली. करवत लागली तेव्हा मला घट्ट धरून ठेवलं होतं आबांनीच.

ॲल्युमिनियमचा दस्ता अखिलला परत गेला. त्याने त्याचं काहीच वाईट वाटून घेतलं नाही. अजूनही मला त्यात काही तरी काळंबेरं दिसतं.

चाचणीला निघताना कोकिळाबाईंनी अक्षता उचलल्या, माझ्यापाशी हात थबकला, आणि त्यांनी त्या दिपमालाच्या डोक्यावर टाकल्या. मैदानावर तिने माझ्यावर गाल टेकवला, तेव्हा केसांतून एक दाणा घरंगळून नेमका फटीपाशी आला. तिने फुंकर मारून तो उडवला आणि नेम धरला. त्या दिवशी तिची निवड झाली.

म्हणून सांगतो, आपल्या वस्तूंना जीव लावा, पण अधूनमधून त्या उघडूनही बघा. आणि वडिलांची वस्तू वापरायची असेल तर आधी आपलं माप घ्या.

माझा कापलेला तुकडा आबांनी देव्हाऱ्याशेजारी ठेवला आहे. त्याला कुठे फट नाही, त्यामुळे कोकिळाबाई त्याच्यावर रोज मनसोक्त अक्षता वाहतात. मला संशय आहे, आता लाड त्याचेच जास्त होतात.