व्हिटलॉकच्या नावाची दुहेरी टीप

कपडे धुण्याचं यंत्र गरगर फिरून थांबलं, तळघर मुकं झालं, आणि तेवढ्यात बिस्किटांच्या डब्याचं झाकण 'टक्' करून उघडलं. सहा वर्षांच्या मेबलनं उघडलं ते. मित्रांनो, त्या डब्यात बिस्किटं नाहीत. तीस वर्षांत उसवलेल्या नावांची कापडी अक्षरं आहेत. त्यातलं एकेक अक्षर ज्या सुईखालून गेलं, ती मी. टोलेडोच्या 'हेरॉन्स' या बास्केटबॉल संघाची जुनी शिवणाची मशीन.

माझ्या काळ्या अंगावर कुणीतरी बारीक कुंचल्यानं सोनेरी वेल काढली होती. तिची आता दोन पानं उरलीत. इलोनाच्या आईनं मला घरी आणलं, तेव्हा मी मुलींचे चर्चमध्ये घालायचे पांढरे झगे शिवायचे. पुढे इलोनाला मैदानाखालच्या या खोलीत काम मिळालं आणि तिनं मला सोबत आणलं. खेळाडूंच्या जाकिटांवर पाठीमागे नाव शिवायचं, हे आमचं काम. ज्या वर्षी संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला, त्या वर्षी खेळाडू स्वतः खाली येऊन माझ्यावर थाप मारून जात. नंतर नावं उष्णतेनं चिकटवणारं यंत्र आलं आणि मी चार वर्षं चादरीखाली पडून होते. कुणी थेंबभर तेल घातलं नाही. चिकटवलेली अक्षरं धुलाईत सोलून यायला लागली, तेव्हा चादर निघाली.

पण तोवर संघ हरायला लागला होता. आणि हरणाऱ्या संघात सगळ्यात जास्त काम असतं ते आम्हालाच. आज हा खेळाडू द्या, तो घ्या. उद्या त्यालाही देऊन टाका. इलोना मग नावं सैल टाक्यांनी शिवायला लागली. एक दोरा ओढला की अख्खं नाव हातात.

"दारावर पाटी लावतेस की चिठ्ठी?" सामानाचा कारभार बघणारा रॉस्को तिला चिडवायचा.

"चिठ्ठीच. पाटी लावण्याइतकं इथे राहतं कोण?"

एक जण राहिला. डेझमंड व्हिटलॉक. आठ हंगाम. त्याची बायको रुग्णालयात काम करायची, म्हणून शाळा सुटल्यावर त्याची लेक मेबल आमच्याकडे असायची. माझं चाक फिरवता फिरवता ती अक्षरं शिकली, मित्रांनो. या हंगामाच्या सुरुवातीला, बदल्यांच्या अफवा उठल्या तेव्हा, इलोनानं कुणालाही न विचारता त्याच्या नावावर दुहेरी टीप घातली. बारीक, घट्ट, जाड दोऱ्याची. मला वाटलं, आता हे नाव हलत नाही. तिलाही तसंच वाटलं असावं. शिवणाऱ्यांची ही चूक जुनी आहे. टीप पक्की घातली की माणूस पक्का झाला, असं त्यांना वाटतं.

फेब्रुवारीत, संघांना खेळाडूंची अदलाबदल करता येते त्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, रॉस्को ते जाकीट हातावर टाकून खाली आला. नेहमीसारखा थट्टा करत नव्हता.

"सॅक्रामेंटोच्या संघाला दिलं त्याला. हे नाव काढायचंय. दहा दिवसांच्या करारावर एक पोरगा आलाय, रुइझ. सात वाजता सामना आहे."

"दहा दिवसांच्या पोराला डेझचं जाकीट?"

"एवढ्या मापाचं दुसरं शिल्लक नाही. मी काय करू, त्या पोरालाच आखूड करून आणू?"

दुपारी डेझमंड स्वतः आला. दारातून वाकून आत शिरायची त्याची सवय. त्यानं मेबलला उचललं आणि बराच वेळ खालीच ठेवलं नाही. शाळेचं वर्ष संपेपर्यंत ती आणि तिची आई इथेच राहणार होत्या. त्याला संध्याकाळचं विमान होतं.

"उसवायची घाई करू नकोस, इलोना," तो हसून म्हणाला.

"करीन म्हटलं तरी जमणार नाही, गाढवा. दुहेरी टीप आहे."

तो गेला. इलोना छोटी सुरी घेऊन बसली. घाई केली तर कापड फाटलं असतं, म्हणून एकेक टाका उचलून. दोन तास लागले. मी नुसती बघत होते. माझ्या सुईला शिवता येतं, उसवता येत नाही. मग आठ इंग्रजी अक्षरं निघालेल्या पाठीवर 'रुइझ'ची चार अक्षरं मीच शिवली. नाव आखूड पडलं. दोन्ही बाजूंना जुन्या टिपेची भोकं ओळीनं दिसत राहिली.

"सैल टाके घालू?" तिनं मलाच विचारल्यासारखं विचारलं, आणि मग घट्टच घातले. दहा दिवसांसाठी.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला वेळेवर तेल घाला. कुणाचं नाव काढावं लागलंच, तर हळू काढा आणि अक्षरं फेकू नका. व्हिटलॉकच्या नावाचं जाकीट अजून खुंटीला असतं, तर मला काही मागावंसं वाटलं नसतं.

मेबल डबा पुढ्यात घेऊन बसली होती. बाबांची आठ अक्षरं तिनं आधीच फ्रॉकच्या खिशात घातली होती.

"बाबांच्या बदल्यात आपल्याला कोण मिळालं?"

"एक मुलगा मिळणार आहे," इलोना म्हणाली. "तीन वर्षांनी. कॉलेजातली नवी मुलं निवडतात ना, तेव्हा सॅक्रामेंटोच्या पाळीला आपण निवडायचं."

"आत्ता तो कुठे आहे?"

"कुठल्यातरी शाळेत असेल. गणित करत असेल."

"त्याला माहीत आहे, माझे बाबा त्याच्यासाठी गेले ते?"

"नाही गं. अजून कुणालाच माहीत नाही."

मेबलनं थोडा विचार केला. मग दोन्ही हात डब्यात घातले आणि अक्षरं ढवळली.

"मी त्याचं नाव शोधून ठेवते. म्हणजे तो लवकर येईल, आणि मग बाबा परत येतील," ती म्हणाली. "मिस इलोना, पहिलं अक्षर कुठलं काढू?"