चैत्राचा डबा

“त्या औरंगपुऱ्याच्या बायांची चटणी आणली, अन् दिवसभर घरातले नुसते पाण्याच्या माठाकडं पळत होते,” माझ्या शेजारी कैऱ्या दाबून बघणारी बाई सोबतिणीला सांगत होती.

औरंगपुऱ्याच्या बायांपैकी एक मीच. मी पदर पुढं ओढला, पाच किलो कैऱ्या घेतल्या आणि शहागंजातून अशी निघाले, जशी काही कैऱ्या चोरूनच आणल्या होत्या.

आम्ही तिघी. दर मराठी महिन्याला एक डबा काढतो. पौषात हुरडा अन् चटण्या, चैत्रात किसलेल्या कैरीचा तक्कू अन् ज्वारीच्या पापड्या. फहमिदा प्रत्येक झाकणावर हातानं चित्र काढते, आत मी चार ओळींची चिठ्ठी घालते. करतात सगळं मनकर्णाबाई. म्हणून झाकणावर लिहिलेलं असतं, ‘मनकर्णाबाईंच्या हातचं’. ती ओळही माझीच. आता तीच अंगलट आली होती.

माघात मनकर्णाबाईंना ताप आला. उठल्या तेव्हापासून मिठाचं काही खरं नाही. एका महिन्यात चटणी आळणी, पुढच्या महिन्यात खारट. बरं, चाखावं तर त्यांचा नेम असा की देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला काही लावायचं नाही. इतकी वर्षं त्या नुसत्या वासावर मीठ टाकायच्या अन् ते बरोबर पडायचं. नैवेद्य झाला की लगेच डबे भरायला घेतात, मग चाखायला वेळ कुणाला? फहमिदाला तर आता रोजा. राहिले मी. मला नैवेद्याआधी चाखायचं धाडस नव्हतं.

आणि आज वेरूळचे चाळीस डबे. तात्यासाहेबांनी तिथं पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात. उद्या पाडव्याला पाहुण्यांपुढं आमचा डबा ठेवणार. आवडला, तर वर्षभर दर महिन्याला चाळीस. नाही आवडला, तर फहमिदाचे रंग अन् माझ्या चिठ्ठ्या दोन्ही माळ्यावर. रिक्षा चारला येणार होती.

मनकर्णाबाईंच्या घरी आले तेव्हा पातेलंभर तक्कू तयार होता.

“आता कशाला आणल्या कैऱ्या?” मनकर्णाबाई म्हणाल्या. “द्वारके, तुला बाजारात पाठवलं की तू बाजारच उचलून आणतीस.”

“स्वस्त होत्या,” मी म्हणाले. नव्हत्या.

त्या देवीसमोर ठेवायला वाटी घासू लागल्या. फहमिदानं माझ्याकडं बघितलं, हातातला ब्रश हलवून दोन बोटं दाखवली. मीठ दोनदा पडलं होतं. मी तिला खुणेनं म्हटलं, तू सांग. तिनं खुणेनंच म्हटलं, तू मोठी. झाकणावरच्या तिच्या कडुलिंबाच्या फुलोऱ्यावर हिरव्या रंगाचा थेंब पडला. इतक्या वर्षांत तिचा थेंब पडलेला मी पाहिला नव्हता.

मी चमचा उचलला अन् नैवेद्याआधी तक्कू तोंडात घातला.

जीभ आखडली. डोळ्यांत पाणी आलं. वर बघते तर मनकर्णाबाई वाटी हातात धरून उभ्या. आता देवीच्या नावानं माझा उद्धार होणार, असं वाटून मी मान खाली घातली.

“कसा झालाय?” त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नव्हता.

“चांगला आहे. जरासा...”

“जरासा काय?”

“कैरी कमी पडली वाटतं.”

“मावशी,” फहमिदा म्हणाली, “द्वारकाताईला लई पाणी लागंल आता. तिला आधी तांब्या द्या.”

मी पाणी पिऊन तांब्या रिकामा केला. मनकर्णाबाई बघत राहिल्या. मग खाली बसल्या, एक कैरी ओढून सोलायला घेतली. साल लांबच लांब उतरत होती. त्यांनी कैरी नाकाशी नेली, बराच वेळ धरली अन् परातीत ठेवून दिली.

“फागणातल्या डब्याचं बी असंच झालं होतं का?”

फहमिदानं झाकण पुसायला घेतलं, मी कैऱ्या मोजायला लागले.

“तुमाला म्हाईत होतं. अन् मला वाटायचं, तुमाला कळलंच नाय,” त्या म्हणाल्या. “ताप आला तवापासून मला चव लागत नाय, पोरींनो. वास बी येत नाय.”