रविवारचा काटा

घरात कुणाचं वजन वाढू लागलं की उपाय सांगायला अख्खं गाव पुढे येतं. कुणी म्हणतं भात सोडा, कुणी म्हणतं रात्री जेवूच नका, कुणी म्हणतं हे सगळं सुस्तीचं काम, सकाळी दोन फेऱ्या मारल्या की झालं. तुला होतंय तरी काय, हे मात्र त्या माणसाला कुणी विचारत नाही. ही गोष्ट अशाच एका घरातली. त्या घरातला नवरा वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. तो वाईट असता तर त्याच्यावर सगळं ढकलून आपण मोकळे झालो असतो.

तो मालवाहतुकीच्या एका कचेरीत पार्सलं तोलायचा. चोवीस वर्षं हेच काम. पेटी काट्यावर ठेवायची, काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं, आकडा लिहून चिठ्ठी डकवायची. कचेरीत त्याला सगळे ‘तराजू’ म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. माणसं काहीही सांगोत, काटा सांगेल ते खरं, असं तो नव्या लोकांना बजावायचा.

त्याची बायको कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायची. चाळिशी उलटली आणि तिला आधी साखरेचं दुखणं निघालं, मागोमाग थायरॉइडचं. चेहरा सुजू लागला, केस गळू लागले. भर उन्हाळ्यात ती स्वेटर घालून कामाला जायची आणि बरोबरच्या बायका हसायच्या. संध्याकाळी घरी आली की पलंगाच्या कडेला बसायची, ती उठायचं विसरल्यासारखी बसूनच राहायची. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, दर तीन महिन्यांनी रक्त तपासा म्हणून सांगितलं, आणि जाता जाता म्हणाले, “वजनावरही लक्ष ठेवा.”

नवऱ्यानं नेमकं तेवढंच ऐकलं. वजन म्हणजे त्याच्या हातातलं काम!

कचेरीत एक जुना काटा मोडीत निघाला होता. साहेबांना विचारून त्यानं तो घरी आणला, दुरुस्त केला आणि स्वयंपाकघराबाहेरच्या बोळकंडीत मांडला. दर रविवारी सकाळी सात वाजता बायकोनं त्यावर उभं राहायचं. गोळ्यांचीही त्यानं व्यवस्था लावली. थायरॉइडची, साखरेची, कॅल्शियमची, सगळ्या एका वाटीत काढून सकाळच्या चहाबरोबर तिच्या पुढ्यात ठेवायचा.

“अहो, सगळ्या एकदमच घ्यायच्या का?” तिनं एकदा विचारलं.

“पोटात गेल्यावर सगळ्या एकच. वेगवेगळ्या ठेवल्या तर तू विसरशील.”

रक्त तपासायचं मात्र राहून गेलं. काटा घरात असताना रक्त कशाला, असं त्याला वाटलं असावं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, त्यातला हा प्रकार.

काटा काही खाली येईना. थायरॉइडची गोळी चहा आणि कॅल्शियमबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, हे त्या दोघांना माहीत नव्हतं. त्यानं तिचा भात बंद केला, मग संध्याकाळचं दूध बंद केलं, मग फळंही.

“अर्धा किलो वाढलं,” तो वाकून आकडा वाचत म्हणायचा. “काय खाल्लंस?”

“तुम्ही दिलंत तेच.”

“मग हवा खाऊन वाढलं का? अगं, खाई त्याला खवखवे.”

सुरुवातीला तीही हसायची. पुढे पुढे तो थट्टाही करेना. आकडा वाढला की गॅलरीत बसून दुपारपर्यंत बूट पुसत राहायचा. त्याच्या आईचा पाय साखरेपायी कापावा लागला होता आणि वर्षभरात ती गेली होती. बायकोचंही तसंच होणार, या भीतीनं त्याची झोप उडाली होती. ती भीती त्यानं बायकोला कधी बोलून दाखवली नाही. तिला दिसायचा तो फक्त पडलेला चेहरा, आणि आपण चुकलो एवढंच तिला त्यातून कळायचं.

मग अचानक वजन उतरू लागलं. एका रविवारी पाऊण किलो, दुसऱ्या रविवारी एक. नवरा खूश झाला. कचेरीत सांगत सुटला, शिस्त लावली की सगळं होतं. बायको घरात भिंतीला धरून चालते, हे त्याच्या डोळ्यांसमोर होतं, पण ते काही काट्यावर दिसत नव्हतं.

त्या रविवारी ती काट्यावर उभी राहिली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. तो नेहमीसारखा वाकला.

“दीड किलो कमी!” तो ओरडला. “बघ, जमलं की नाही?”

ती त्याच्या पाठीवर कोसळली. दीड किलो कमी झालेलं ते शरीर त्याला दोन्ही हातांनीही सावरेना.

इस्पितळात साखर निघाली अवघी अडतीस. शिरेतून ग्लुकोज सुरू झालं. परत साखर तपासायला परिचारिकेनं तिचं बोट धरलं आणि ती थबकली.

“ही कसली भोकं? एवढ्या वेळा घरी तपासता?”

नवऱ्यानं जवळ येऊन पाहिलं. बोटांच्या टोकांवर सुयांच्या खुणाच खुणा होत्या. बटणं लावताना सुई टोचत होती आणि आजारानं बधिर झालेल्या बोटांना ते कळत नव्हतं. तेवीस वर्षं तो त्या हाताचं खात आला होता, आणि तो हात त्यानं आज नीट पाहिला.

दुपारी ती शुद्धीवर आली. घोगऱ्या आवाजात तिनं पहिलाच प्रश्न विचारला, “अहो, भरलं किती?”

तो बाहेर गेला आणि जिन्याच्या पायरीवर बसून रडला. दुसरं काय करणार होता?

संध्याकाळी पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावलं.

“दर शनिवारी दुपारपासून त्या जेवत नव्हत्या, पाणीसुद्धा पीत नव्हत्या. सहा आठवडे हेच चाललं होतं. माहीत होतं तुम्हाला?”

“नाही, डॉक्टर.”

“रविवारी आकडा कमी यावा म्हणून. वर उपाशीपोटी साखरेच्या गोळ्या. म्हणाल्या, आकडा वाढला की यांचा चेहरा पडतो, तो बघवत नाही.”

त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, “पण बाई, वजन तर कमी करायलाच हवं होतं ना? मी तिच्या भल्यासाठीच केलं.”

“भल्यासाठीच केलंत, त्याबद्दल वाद नाही. पण त्या जाड होत्या त्या खादाडपणामुळे नव्हे. गळ्यातली एक एवढीशी ग्रंथी मंदावली होती, त्यामुळे सगळं अंगच मंदावलं. ती सूज होती, तो थकवा होता. त्यावर गोळी आहे. ती सकाळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, पुढे तासभर चहासुद्धा नाही, आणि कॅल्शियम चार तासांनी. तुम्ही ती रोज दिलीत आणि रोज वाया घालवलीत.”

“आणि जेवणाचं पथ्य?”

“पथ्य हवंच. पण पथ्य म्हणजे उपास नाही आणि शिक्षा तर नाहीच. वेळेवर जेवायचं, पोटभर भाजी, अंडं, डाळ, थोडा भात, एखादं फळ. झेपेल तेवढं चालायचं. आणि अजून एक ऐका. सतत धाकात राहणाऱ्या माणसाची साखर न खाताही वाढते. झोप जाते, भूक बिघडते. घरात तुम्ही आवाज चढवला नसेल, पण दर रविवारी त्यांची परीक्षा घेतलीत आणि दर रविवारी नापास केलंत. काटा वजन सांगतो हो, माणूस कसा आहे ते सांगत नाही. ते विचारावं लागतं.”

चोवीस वर्षांत प्रथमच त्याला काट्याची बाजू घेता आली नाही.

त्यानंतर तो बदलला, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. काटा त्यानं दुसऱ्याच दिवशी भंगारात दिला. बायकोच्या उशाशी थायरॉइडची गोळी आणि पाण्याचा पेला ठेवू लागला आणि तासभर स्वतःही चहाशिवाय राहू लागला. रक्ताच्या तपासणीची तारीख चुकवली नाही. आईच्या पायाची आठवण, मनातली भीती, सगळं एकदा तिच्याजवळ बोलला. ती ऐकून म्हणाली, “आधी सांगितलं असतं तर दोघं मिळून घाबरलो असतो.” दोघं हसली आणि मग तिनं डोळे पुसले.

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो. चौदा महिने लागले. साखर आटोक्यात आली, थायरॉइडचे आकडे जागेवर आले, स्वेटर कपाटात गेला. सुई टोचली की आता ती “आई गं” म्हणू लागली. डॉक्टरीणबाईंनी तिची पाठ थोपटली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. नवरा कचेरीतून तासभर लवकर घरी आला. स्वयंपाकघरात बायको पाठमोरी, भिंतीकडे तोंड करून उभी होती. काहीतरी घाईघाईनं खात होती. त्याची चाहूल लागली तशी ती दचकून वळली आणि तिनं हात पाठीमागे नेला. हातात अर्धं केळं होतं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः लिहून दिलेलं, संध्याकाळच्या खाण्यातलं केळं.

सत्तेचाळीस वर्षांची बाई, स्वतःच्या घरात, स्वतःच्या कमाईचं केळं लपवून खात होती.

“अगं, लपवतेस कशाला?” त्यानं विचारलं.

“तुमच्यापासून लपवत नाही हो,” ती ओशाळून म्हणाली. “सवय झालीय. जाईल हळूहळू.”

तो तिथेच तिच्यासमोर खाली बसला. तिच्या पायांना हात लावावा असं त्याला वाटलं, पण ते जमलं नाही. ती उरलेलं केळं हातात धरून उभी राहिली. पुढचा घास तिनं घेतला नाही.

मंडळी, तुमच्याही घरात असं आजारी माणूस असेल. त्याला औषध द्या, पथ्य द्या, चार पावलं त्याच्याबरोबर चाला. पण त्याच्या ताटावर पहारा बसवू नका. बिघडलेलं रक्त चौदा महिन्यांत सुधारलं. घासागणिक घाबरायला शिकवलेल्या माणसाला निर्धास्तपणे जेवायला किती दिवस लागतात, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलेलं नाही. तो नवरा अजून रोज तिच्यासमोर जेवायला बसतो, स्वतःच्या ताटाकडे बघत, आणि तिनं आपणहून पुन्हा वाढून घ्यावं म्हणून वाट पाहतो.