केळीच्या खुंटांखालची बोअर

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात सांडोरच्या फिलोमिनाच्या विहिरीला पिवळसर पाणी येऊ लागलं. पाला कुजला असेल, असं तिला आधी वाटलं. पण घरातल्यांची पोटं बिघडली, त्या पाण्याने शिंपलेल्या केळींची पानं कडेने करपली, तेव्हा तिला शेजारच्या वाडीतल्या धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्याचा संशय आला. ती जागा तिच्या धाकट्या दिरानेच, आलोशियसने, भाड्याने दिली होती.

तिने तक्रार केली. एके सकाळी सरकारी अधिकारी भालचंद्र सावे आले. त्यांनी कारखाना पालथा घातला. गटार नाही, नाला नाही.

"सांडपाणी टँकरने जातं," मॅनेजर म्हणाला. आलोशियसने मान डोलावली.

सावे निघाले. "विहिरीत विष सापडेल, बाई, पण ते यांचंच हे कसं ठरवायचं?"

फिलोमिनाने मागे वळून पाहिलं. शेडमागे केळीचे खुंट रचलेले होते. तिथेच आलोशियसने पूर्वी बोअर मारली होती. खारं पाणी लागलं म्हणून सोडून दिली. तो तिच्याकडेच रोखून बघत होता. नवरा वारल्यावर याच दिराने तिची वाडी कसून दिली होती.

"साहेब, त्या खुंटांखाली बोअर आहे," ती म्हणाली.

मॅनेजर आडवा आला. "बंद आहे ती."

"मग बघू द्या की," सावे म्हणाले.

खुंट हटवले. शेडमधून आलेला रबरी पाइप थेट बोअरच्या तोंडात उतरला होता. सावेंनी तिथल्या तिथे काम थांबवलं.

"वहिनी, घरातलं चव्हाट्यावर आणलंत," आलोशियस दात आवळून म्हणाला.

"तुझी मेरी पोटुशी आहे. तीही याच विहिरीचं पिते. ठाऊक होतं ना तुला?"

"खोल जातं, वर येत नाही, असं सांगितलं मला त्यांनी."

खटला वसईच्या कोर्टात उभा राहिला. बोअर बागेसाठी होती असं सांग, म्हणून मॅनेजरने आलोशियसला पढवलं होतं. तो पिंजऱ्यात उभा राहिला, तेव्हा त्याने आधी वहिनीकडे पाहिलं.

"पाइप माझ्यादेखत जोडला," तो म्हणाला. "मी बोललो नाही."

कारखाना बंद झाला, बोअर सिमेंटने बुजवली. विहीर मात्र निवळली नाही; वर्षं लागतील, असं सावेंनी स्पष्टच सांगितलं. दोन्ही घरं चर्चच्या विहिरीवरून पाणी आणू लागली. आलोशियस वहिनीशी बोलत नसे, पण तिचा हंडा तोच उचलायचा.